पोलो शर्ट बाईला शोभत नाही, या म्हणण्याचा प्रतिवाद

पोलो शर्ट म्हणजे होजिअरीच्या कापडाचा, आखूड बाह्यांचा, मऊ कॉलरचा आणि गळ्याशी दोन-तीन बटणांची पट्टी असलेला, डोक्यातून घालायचा शर्ट. महाराष्ट्रात त्याला सरसकट ‘कॉलरचा टी-शर्ट’ म्हणतात. शाळेत पीटीच्या दिवशी मुली तो घालतात. पेट्रोल पंपावर, मॉलमध्ये, कुरिअर कंपन्यांत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या बायका घालतात. बॅडमिंटन खेळणाऱ्या आणि सकाळी टेकडी चढणाऱ्याही घालतात. कपडा इतका रुळला, तरी तो बाईच्या अंगावर दिसला की त्याबद्दल मत देण्याचा हक्क घरातला, कचेरीतला आणि रस्त्यावरचा प्रत्येक जण गृहीत धरतो. तो मर्दानी दिसतो, बाईला बेढब दिसतो, अंगाला चिकटतो, शिवाय तो कामाला असलेल्या माणसांचा युनिफॉर्म आहे, चांगल्या घरच्या बाईने हौसेने घालावा असा कपडा नाही, असे म्हटले जाते. यातली काही मते एकमेकांना सरळ छेद देतात. जो शर्ट बाईचा आकार झाकून तिला पोत्यासारखी करतो, तोच तिचा आकार उघड करतो असेही म्हणायचे, या दोन तक्रारी एकत्र टिकत नाहीत. तरीही त्या पुष्कळदा एकाच तोंडून ऐकू येतात.

एखाद्याला पोलो शर्ट आवडत नाही, यावर वाद घालण्याचे कारण नाही. कपड्याची आवड ज्याची त्याची. वाद आहे तो या नावडीला निकषाचा दर्जा देण्याशी. घरात सून काय घालते, कॉलेजात मुलगी काय घालते, कचेरीत कोणाला ‘प्रेझेंटेबल’ म्हणायचे, हे त्या नावडीवरून ठरू लागले की ती खासगी राहत नाही. मग तिला पुरावा मागावा लागतो.

पहिला आक्षेप मर्दानीपणाचा. पोलो शर्ट मुळात पुरुषांचा, बायकांनी तो उसना घेतला, असे त्यात गृहीत धरलेले असते. हा शर्ट जन्मला टेनिसच्या कोर्टावर. विसाव्या शतकाच्या आरंभी पुरुष टेनिसपटू लांब बाह्यांचा, कडक कॉलरचा शर्ट आणि फ्लॅनेलची पँट घालून खेळत. बाह्या दुमडायच्या आणि घामाने जड झालेल्या कपड्यात धावायचे, अशी पद्धत होती. फ्रान्सचा रेने लाकोस्त १९२६ साली अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत सुती पिके कापडाचा, आखूड बाह्यांचा, मऊ कॉलरचा शर्ट घालून उतरला आणि ती स्पर्धा त्याने जिंकलीही. पुढे १९३३ मध्ये होजिअरी उत्पादक आंद्रे जिलिए याच्याबरोबर त्याने हा शर्ट मगरीच्या चिन्हासह बाजारात आणला. १९५२ मध्ये इंग्लंडच्या फ्रेड पेरीचा आणि १९७२ मध्ये अमेरिकेच्या राल्फ लॉरेनचा पोलो शर्ट आला. पुरुषांच्या बाजूचा हा इतिहास सर्वत्र सांगितला जातो.

त्याच खेळातली बायकांची बाजू मात्र क्वचितच कोणी सांगतो. १९१९ साली विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात वीस वर्षांची सुझान लेंग्लेन आणि चाळीस वर्षांची डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स समोरासमोर आल्या. चेंबर्सबाई सात वेळच्या विजेत्या होत्या. त्यांचा पोशाख जुन्या रिवाजाचा होता, लांब बाह्यांचा आणि घोट्यापर्यंत पोचणाऱ्या घेराचा. लेंग्लेनने कॉर्सेट घातला नव्हता. तिच्या बाह्या आखूड होत्या आणि झगा पोटरीपर्यंतच होता. इंग्लिश प्रेक्षकांना त्याचा धक्का बसला. सामना १०–८, ४–६, ९–७ असा अटीतटीने लेंग्लेनने जिंकला. लाकोस्तच्या शर्टाला अजून सात वर्षे अवकाश होता. लाकोस्तने तिचे अनुकरण केले, असा दावा करण्याची गरज नाही. घामात धावता यावे म्हणून बाही छाटण्याची आणि अंग मोकळे करण्याची निकड बायकांनाही तितकीच होती, आणि त्या सर्वोच्च कोर्टावर एका बाईने ती आधी अमलात आणली, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. जी गरज दोघांची होती, तिच्यातून निघालेल्या कपड्यावर एकाचीच मालकी कशी सांगता येईल?

पुरुषाने सोयीचा कपडा घातला तर तो सुधारक ठरतो आणि बाईने घातला तर तिने मर्यादा सोडली असे होते. खेळाच्या इतिहासात याचे दाखले जागोजागी आहेत. १९५५ साली लॉस एंजेलिसच्या एका टेनिस क्लबात अकरा वर्षांच्या बिली जीन किंगला मुलांच्या सामूहिक छायाचित्रातून बाजूला काढले गेले, कारण तिने टेनिसचा स्कर्ट न घालता आईने शिवलेली पांढरी शॉर्ट्स घातली होती. पुढे हीच मुलगी एकेरीत सहा वेळा विम्बल्डन जिंकली. २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघाने वरच्या स्तरावरच्या महिला खेळाडूंना स्कर्ट किंवा ड्रेस सक्तीचा करण्याचा नियम काढला. खेळ आकर्षक दिसावा हा त्याचा जाहीर हेतू होता. टी-शर्ट आणि शॉर्ट्स घालून वर्षानुवर्षे खेळणाऱ्या बायकांचा खेळ त्यामुळे कसा सुधारणार, याचे उत्तर महासंघाकडे नव्हते. खेळाडूंचा विरोध वाढत गेला, अंमलबजावणी लांबली आणि २०१२ मध्ये नियम मागे घ्यावा लागला.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. एकोणिसाव्या शतकात काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायात जोडे घालून, हातात छत्री घेऊन लष्करी छावणीच्या भागात फिरायला निघाल्या, तेव्हा त्यांच्यावर दगड फेकले गेल्याची नोंद आहे. तेव्हा जोडे आणि छत्री पुरुषाच्या मानाच्या वस्तू होत्या. आज बाईच्या हातातली छत्री कोणालाही मर्दानी वाटत नाही. छत्री तीच राहिली आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला तिची सवय झाली. ज्या गुणाला ‘मर्दानी’ म्हणतात, तो वस्तूत कधीच नसतो.

याहून ठसठशीत पुरावा शेतात आहे. विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या आणि ऊसतोडीच्या टोळ्यांतून हिंडणाऱ्या बायका साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालतात. नवऱ्याचा, भावाचा, कधी मुलाने टाकून दिलेला. पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा, मनगटाशी बटण लावलेला. त्यामागे कारणे आहेत. उसाच्या पानाची कड धारदार असते, हातावर बारीक ओरखडे काढते आणि त्यात घाम गेला की आग होते. वाळलेल्या कापसाच्या बोंडाची टोके बोटांना आणि मनगटाला टोचतात. मानेवर ऊन येते, तिथे कॉलर उभी करता येते. शर्टाला खिसा असतो, त्यात मोबाईल राहतो. या शर्टाला गावात कोणी मर्दानी म्हणत नाही. सासरा म्हणत नाही, मुकादम म्हणत नाही, शेताचा मालक तर नाहीच. तीच बाई किंवा तिची तालुक्याला शिकणारी मुलगी स्वतःच्या आवडीने विकत घेतलेला कॉलरचा टी-शर्ट घालून एसटीत बसली, की मात्र बोलणे सुरू होते. राबताना चालणारा पुरुषी कपडा मिरवताना चालत नाही. आक्षेप कपड्याला असता, तर तो बांधावरही घेतला गेला असता. तो घेतला जातो बाईच्या निवडीला.

दुसरा आक्षेप बेढबपणाचा. इथे तक्रारीत तथ्य आहे, पण ते कपड्याच्या कटिंगबद्दलचे तथ्य आहे. युनिफॉर्मसाठी वाटले जाणारे बहुतेक पोलो शर्ट पुरुषी मापतक्त्यावर कापलेले असतात. त्यात खांदा रुंद असतो आणि छातीपासून खालच्या कडेपर्यंत बाजूची शिवण जवळजवळ सरळ उतरते. बाईच्या अंगावर त्याचा खांदा दंडावर घसरतो आणि आखूड बाही कोपराला टेकते. नितंबांशी शर्ट अडतो, वर सरकतो आणि कमरेभोवती त्याची वळी पडते. नितंबांना पुरेल म्हणून एक माप मोठा घेतला तर खांदा आणखी उतरतो. बटणपट्टी पुरुषाच्या छातीच्या हिशेबाने काढलेली असल्यामुळे काहींच्या अंगावर ती नको तिथे संपते. दिवसभर हा शर्ट खाली ओढत राहणारी बाई सहज ओळखू येते. तिच्या हाताला तेवढे एक जादा काम लागलेले असते.

‘लेडीज फिट’ या नावाने जे मिळते, ते बहुतेकदा उलट दिशेची चूक असते. त्याच दुकानात, त्याच किमतीत बाईच्या शर्टाचे कापड पातळ, लांबी कमी, बाही मेगा स्लीव्हसारखी काखेशी संपणारी आणि कंबर आवळलेली. वरच्या फळीवरचा खोका काढायला हात वर केला की कंबर उघडी पडते. खिसा नसतोच. बाईच्या अंगासाठी माप घ्यायचे म्हणजे कपडा कमी करायचा, अशी समजूत या कटिंगमागे दिसते. चांगला कापलेला पोलो शर्ट कसा असावा हे काही गूढ नाही. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी. बाही दंडाच्या मध्यापर्यंत असावी. बाजूची शिवण कमरेशी थोडी आत येऊन नितंबांकडे मोकळी व्हावी. दोन्ही बाजूंना चीर असावी आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी लांब असावी. ही मागची जादा लांबी टेनिसच्या शर्टातूनच आलेली आहे, खेळाडू वाकला की शर्ट बाहेर येऊ नये म्हणून. वाकून काम करणाऱ्या कोणाही बाईला तिचा तेवढाच उपयोग आहे. असा शर्ट घातलेली बाई बेढब दिसत नाही. दोष मापाचा असताना खापर तिच्या बांध्यावर फोडणे हा अन्याय आहे, आणि तो इतका रोजचा झाला आहे की अनेक बायका ‘मला टी-शर्ट शोभत नाही’ असे स्वतःच म्हणू लागतात.

तिसरा आक्षेप अंगाला चिकटण्याचा. कापड नीट पाहिले की यातला बराच भाग गळून पडतो. साधा गोल गळ्याचा टी-शर्ट ज्या पातळ, सपाट विणीच्या जर्सी कापडाचा असतो, ते घामाने ओले झाले की त्वचेला लागते. पिके कापडाच्या विणीत काही टाके पुढच्या ओळीत न सोडता धरून ठेवतात. त्यामुळे कापडावर बारीक जाळीदार उठाव येतो. हा उठाव कापडाला त्वचेपासून किंचित दूर ठेवतो, मधून वारा खेळतो, आणि कापडाला स्वतःचे थोडे अंग असल्यामुळे ते शरीराची प्रत्येक वळी गिरवत नाही. कॉलरच्या टी-शर्टासाठी होजिअरीच्या व्यापारात पिके किंवा मॅटी कापड मागतात. बऱ्यापैकी प्रतीच्या शर्टाचे वजन चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या वर असते. कार्यक्रमांतून फुकट वाटले जाणारे पातळ पॉलिएस्टरचे टी-शर्ट चिकटतात आणि आरपारही दिसतात, हे खरे. त्याचा जाब असले कापड स्वस्तात घेणाऱ्याला विचारावा.

या संदर्भात पोलो शर्टाची आणखी एक खुबी सांगायला हवी. वरपासून खालपर्यंत बटणे असलेला मागाच्या कापडाचा शर्ट बाईच्या छातीवर दोन बटणांच्या मध्ये फाकतो. कचेरीत असा शर्ट घालणाऱ्या बायका आतून टाचणी लावतात किंवा टाका घालतात. पोलो शर्टाची पट्टी नीट कापली असेल तर छातीच्या वरच संपते आणि खाली अखंड कापड असते. होजिअरीच्या विणीमुळे ते हालचालीबरोबर ताणले जाते आणि पुन्हा जागेवर येते. ज्यांना शालीनतेची काळजी आहे त्यांनी खरे तर या शर्टाची शिफारस करायला हवी. बाही दंड झाकते, गळा बंद करता येतो, पाठ आणि कंबर झाकलेली राहते. साडीच्या ब्लाउजात यातले फारसे काही झाकले जात नाही, आणि त्यात गैर काहीच नाही. किती कापड झाकते यावर शालीनता ठरत असती, तर साडीवर कधीच बंदी आली असती. शालीनतेच्या नावाखाली मोजली जाते ती फक्त ओळख. जे आजीने घातले ते सभ्य, आणि जे तिने घातले नाही ते संशयास्पद.

जगभरातले नियम शेजारी-शेजारी ठेवले की हे आणखी स्पष्ट होते. अमेरिकेतल्या महिला व्यावसायिक गोल्फ संघटनेने, एलपीजीएने, २०१७ मध्ये पोशाखाचे नियम कडक केले. खोल गळ्यांना मनाई झाली, खांदे उघडे टाकणारा रेसरबॅक टॉप चालेल पण त्याला कॉलर हवी असे ठरले, आणि नियम मोडल्यास १,००० डॉलर दंड. तिथे कॉलर सभ्यतेची खूण ठरली. २०२१ मध्ये बल्गेरियातल्या युरोपीय बीच हँडबॉल स्पर्धेत नॉर्वेच्या महिला संघाला १,५०० युरो दंड झाला, कारण त्या बिकिनीऐवजी शॉर्ट्स घालून खेळल्या. तिथे जास्त अंग झाकणे हा गुन्हा ठरला. जगभर टीका झाल्यावर आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाला तो नियम बदलावा लागला. भारतात २००५ मध्ये सानिया मिर्झाच्या कोर्टवरच्या स्कर्ट आणि टी-शर्टाविरुद्ध फतवा निघाला, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. कुठे कॉलर हवी, कुठे कमी कापड हवे, कुठे जास्त. या नियमांमध्ये सौंदर्याचे किंवा सभ्यतेचे समान सूत्र सापडत नाही. समान आहे ते एवढेच की प्रत्येक ठिकाणी कपडा घालणारीखेरीज दुसऱ्याच कोणाला तरी निर्णय घ्यायचा होता.

चौथा आक्षेप उघडपणे बोलला जात नाही, पण सर्वांत खोलवर तोच रुजलेला आहे. छातीवर कंपनीचे नाव छापलेला किंवा भरतकाम केलेला पोलो शर्ट ही आज नोकरी करणाऱ्या कष्टकरी बाईची ओळख झाली आहे. त्यामुळे मध्यमवर्गीय घरांत ‘पंपावरच्या बाईसारखी दिसतेस’ किंवा ‘सेल्सगर्ल वाटतेस’ हे वाक्य मुलीचा शर्ट बदलायला पुरेसे होते. या वाक्यात शर्टावर टीका नसते. पंपावरच्या बाईला त्यात कमी लेखलेले असते. आठ-आठ तास उन्हात उभी राहून, इंधनाच्या वासात, सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकू न देता घर चालवणारी बाई कोणासारखी दिसते याची लाज बाळगावी, असे तिच्या कपड्यात काय आहे? पुरुषाच्या अंगावर असाच शर्ट कॉर्पोरेट कंपनीच्या नावासह आला की तो शनिवारच्या पार्टीला चालतो आणि विमानतळावरही मिरवला जातो. एकाच कपड्याची प्रतिष्ठा घालणाऱ्याच्या लिंगानुसार आणि पगारानुसार वर-खाली होत असेल, तर त्या प्रतिष्ठेला सौंदर्यदृष्टी म्हणता येत नाही. तो जातीपातीच्या समाजात मुरलेला उच्चनीचभाव आहे आणि त्याला त्याच नावाने ओळखले पाहिजे.

पोलो शर्टाची बाजू घेणाऱ्यांकडूनही एक चूक होते, आणि तिचाही प्रतिवाद करायला हवा. हा शर्ट आधुनिक आणि सोयीचा, म्हणून तो सर्व बायकांना लावावा, असे काही मालक आणि संस्था ठरवतात. आयुष्यभर साडी नेसलेल्या पन्नाशीच्या सफाई कामगार बाईला एका सोमवारी पँट आणि टी-शर्टाचा जोड दिला जातो आणि उद्यापासून हाच, असे सांगितले जाते. माप विचारले जात नाही, मोठा की मध्यम एवढेच विचारतात. कपडे बदलायला जागा नसते. ती घरून साडी नेसून येते, जिन्याखाली बदलते, जाताना पुन्हा साडी नेसते. तिच्या अंगावरचा पोलो शर्ट स्वातंत्र्याची खूण नाही. तो घालू नको म्हणणारा सासरा आणि घातलाच पाहिजे म्हणणारा सुपरवायझर यांच्यात तिच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

शाळांनाही इथे जबाबदारी टाळता येणार नाही. पाचवी-सहावीपर्यंत पीटीच्या दिवशी मुलगे आणि मुली एकसारखा हाऊसचा टी-शर्ट घालतात. आठवी-नववीत अनेक ठिकाणी मुलींच्या टी-शर्टावर जॅकेट येते, किंवा ओढणीचा ड्रेस येतो, आणि त्याबरोबर खो-खो, लंगडी, धावणे कमी होत जाते. वाढत्या अंगासाठी मोठ्या मापाचा, बऱ्या कापडाचा, बाजूला चिरा असलेला शर्ट शिवून घेणे कोणत्याही पुरवठादाराला अवघड नाही. त्याऐवजी मुलीलाच खेळातून बाजूला करणे सोपे वाटते, आणि मग मुली खेळत नाहीत अशी तक्रार ऐकू येते.

म्हणून कचेरी, शाळा, रुग्णालय किंवा पंपासाठी पोलो शर्टांची ऑर्डर देणाऱ्यांनी बायकांची मापे स्वतंत्रपणे घ्यावीत, कापड हातात घेऊन आणि उजेडासमोर धरून पाहावे, पूर्ण लांबीचा आणि खिशाचा नमुना मागावा, तो आधी त्या बायकांना घालून पाहू द्यावा, आणि ज्यांना तो नको असेल त्यांच्यासाठी कुर्ता किंवा साडीचा पर्याय ठेवावा. ज्या बायकांना तो आवडतो, त्यांनी तो शोभतो का हे कोणालाही न विचारता घालावा.